निळी ज्योत आणि घरातली हवा

गॅसची ज्योत निळी दिसली की आपण निर्धास्त होतो. धूर नाही, काजळी नाही, भांड्याचं बूड काळं होत नाही. मग प्रदूषण कसलं? पण हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. ज्योतीच्या प्रचंड उष्णतेत मात्र त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. इंधन कितीही शुद्ध असू द्या, कच्चा माल हवेतलाच असल्याने हे टळत नाही. त्यातला नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांना त्रास देतो, दमेकऱ्यांना जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याची शिफारस केलेली वार्षिक मर्यादा ४० वरून थेट १० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर आणली.

विजेच्या शेगडीतून हा वायू निघत नाही. (वीज कोळशावर तयार होत असेल, तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जातो, ही गोष्ट वेगळी.) पण शेगडी कुठलीही असो, तेल धुरावलं किंवा पदार्थ करपला की बारीक कण हवेत उडतातच. यातले पीएम २.५ म्हणवले जाणारे कण अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. हे कण नाकाला चकवून थेट फुफ्फुसांच्या तळापर्यंत पोचतात.

तेव्हा तेलातून धूर निघण्याआधीच आच कमी करावी. भिंतीवर चिमणी असेल तर जास्त वेळ शिजणारं भांडं मागच्या बर्नरवर ठेवावं. तिथली वाफ चिमणीत नीट ओढली जाते. एक्झॉस्ट पंखा शेगडी पेटवण्याआधी लावावा आणि स्वयंपाक झाल्यावरही दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवावा. सगळी दारं-खिडक्या बंद असतील तर मात्र पंखा नुसताच घरघरतो. बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी नवी हवा यायला फट हवी. पंख्याच्या जाळीवर टिश्यू पेपर धरून पाहा. तो चिकटून राहिला नाही तर जाळीवरचा तेलकट थर धुवायची वेळ झाली आहे.

एअर प्युरिफायर हा शेवटचा उपाय. हेपा फिल्टर कण पकडतो, पण नायट्रोजन डायऑक्साइड त्यातून आरपार जातो. कुंड्यांवर तर भिस्त ठेवूच नये. झाडं छान दिसतात, पण घरातली हवा लक्षात येण्याइतकी स्वच्छ व्हायला खोलीत जंगलच उभारावं लागेल. लिंबाच्या वासाच्या फवाऱ्यांचं तर उलटंच. त्यातल्या लिमोनीन या वासाच्या रसायनाची हवेतल्या ओझोनशी प्रक्रिया होऊन फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू तयार होतो.

घराबाहेरच्या हवेचेही काही निर्णय घरातच होतात. कचरा, विशेषतः प्लॅस्टिक, जाळू नये हे बहुतेकांना पटलेलं असतं. छोट्या फेऱ्यांकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. पेट्रोल गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारा भाग, साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तापल्यावरच नीट काम करतो. तोवर इंजिनातला धूर जवळपास जसाच्या तसा बाहेर पडतो. कोपऱ्यावर जाऊन यायला गाडी काढली, तर तो तापतो न तापतो तोच इंजिन बंद होतं. जवळची कामं पायी उरकावीत. ते जमण्यासारखं नसेल तर दोन-तीन कामं एकाच फेरीत बसवावीत, म्हणजे दुसऱ्या कामाला निघताना कन्व्हर्टर अजून गरम असतो.