ताक आणि कच्चं केळं: प्रोबायोटिक कशाला म्हणायचं, प्रीबायोटिक कशाला

बोनमॅरो ट्रान्सप्लांट होऊन माझा चुलत भाऊ मुंबईहून रावेरला परतला, त्या दुपारी मोठी माय तांब्याभर ताक घेऊन ओट्यावर उभी होती. वर जिऱ्याची पूड, चिरलेली कोथिंबीर. मे महिन्याचं ऊन. "घोटभर ताक पे रे भाऊ, पोटाले थंड वाटीन." वहिनीने तांब्या तिच्या हातातून हलकेच घेतला आणि आत नेऊन ठेवला. मोठ्या मायचे डोळे भरून आले. तिचंही चुकलं नव्हतं. पोटातले चांगले जंतू औषधांनी मेलेत हे तिने घरात ऐकलं होतं, आणि ताकात चांगले जंतू असतात हे तिला आधीपासून माहीत होतं.

या घोळाचं मूळ दोन शब्दांत आहे. प्रोबायोटिक म्हणजे बाहेरून पोटात घातलेले जिवंत जंतू. प्रीबायोटिक म्हणजे पोटात आधीच राहणाऱ्या जंतूंचं खाणं, म्हणजे आपल्याला न पचणारे पण त्यांना पचणारे काही तंतू आणि स्टार्च. केळीवाल्याला सांगायचं तर पहिलं म्हणजे नवे कंद लावणं, दुसरं म्हणजे उभ्या बागेला शेणखत घालणं. (घरचं दही काटेकोर अर्थाने प्रोबायोटिकही नाही. विरजणात नेमके कोणते जंतू किती आहेत, हे कुणी मोजलेलं नसतं.)

ट्रान्सप्लांटमध्ये या बागेचं काय होतं ते आधी बघू. दात्याच्या मूळ पेशी (स्टेम सेल, ज्यांपासून रक्त बनतं) देण्याआधी रुग्णाला जबर केमोथेरपी देतात, कधी रेडिएशनही. आतड्याचं अस्तर सोलवटतं, पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात, ताप चढतो आणि प्रतिजैविकं सुरू होतात. खाणं तर सुटलेलंच असतं. शेकडो प्रकारच्या जंतूंची वस्ती काही दिवसांत उजाड होते आणि मोकळ्या जागेत गाजरगवतासारखा एखादाच जंतू माजतो, बऱ्याचदा एन्टेरोकॉकस. २०२० साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क आणि डरहॅम, जर्मनीतल्या रेगेन्सबर्ग आणि जपानमधल्या सापोरो इथल्या केंद्रांनी १३६२ रुग्णांच्या मलाचे ८७६७ नमुने तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या आतड्यात जंतूंची विविधता टिकून होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. चारही ठिकाणची जेवणं वेगळी, चित्र मात्र तेच. विविधतेमुळेच माणूस वाचतो असं यावरून सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखीही ही गोष्ट नाही.

आणखी एक लक्षात घ्यावं. पांढऱ्या पेशी साधारण दोन ते चार आठवड्यांत परत येऊ लागतात आणि घरचे म्हणतात, झालं, सुटलो. आतड्यातली वस्ती पूर्ववत व्हायला त्याहून कितीतरी जास्त काळ, कधी कित्येक महिने लागतात.

मग नवे कंद का लावायचे नाहीत? कारण कुंपणच पडलेलं आहे. अस्तर फाटलेलं आणि प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेली असताना एरवी निरुपद्रवी असलेला दह्यातला लॅक्टोबॅसिलस जंतूही रक्तात शिरू शकतो, तसे रुग्ण नोंदले गेलेत. म्हणून घरी विरजलेलं दही-ताक आणि प्रोबायोटिकच्या कॅप्सूल डॉक्टर सुरुवातीचे महिने सहसा टाळायला सांगतात. दुसरं कारण मला जास्त विचार करायला लावणारं वाटतं. इस्राएलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटने २०१८ साली निरोगी माणसांना प्रतिजैविकं देऊन नंतर काहींना प्रोबायोटिक दिलं. त्यांची मूळ वस्ती परत यायला, काहीच न दिलेल्यांपेक्षा उशीर लागला. पाहुण्यांनी जागा धरली आणि घरचे बाहेर राहिले. ज्यांच्या आतड्यात त्यांचाच आधी साठवलेला मल परत सोडला, त्यांची वस्ती सगळ्यांत लवकर सावरली. न्यूयॉर्कमध्ये ट्रान्सप्लांटच्या रुग्णांवरही २०१८ साली असाच प्रयोग झाला आणि विविधता परतली. दुसऱ्याचा मल मात्र जोखमीचा. २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याच्या मलातून आलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या ई. कोलाय नावाच्या जंतूने ट्रान्सप्लांटचा एक रुग्ण दगावला.

आता खताकडे. आतड्यातले काही जंतू न पचलेला स्टार्च आणि तंतू आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. उंदरांमध्ये ब्युटिरेट दिल्यावर ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर उठणं, सौम्य झालं. २०२३ साली मिशिगन विद्यापीठाने ट्रान्सप्लांटच्या १० रुग्णांना बटाट्याचा कच्चा स्टार्च दिला. तो बहुतेकांना झेपला आणि आतड्यातलं ब्युटिरेट वाढलं. अभ्यास छोटा आहे, पण त्यामागचा विचार मला पटतो: जे उरलेत त्यांना जगवा.

असाच स्टार्च आपल्या कच्च्या केळ्यात भरपूर असतो. केळं पिकतं तशी त्याची साखर होते, आणि शिजवलं तरी तो बराच कमी होतो. म्हणजे केळ्याची भाजी खाल्ली की काम झालं, असं धरून चालू नये.

पण खतही तणाला लागू शकतं. २०१९ मध्ये दिसून आलं की एन्टेरोकॉकस दुधातल्या साखरेवर पोसतो. ज्यांना ही साखर जन्मजातच नीट पचत नाही, त्यांच्यात तो प्रतिजैविकं थांबल्यावरही जास्त काळ ठाण मांडून होता. आणि केळ्याची आणखी एक बाजू आमच्या भागात सांगायलाच हवी. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, आणि केळ्यातही पोटॅशियम बरंच. त्यामुळे जळगाव जिल्ह्यातल्या रुग्णालाही केळं रिपोर्ट बघूनच.

फॉलोअपला निघताना आम्ही चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहिले: पोटॅशियम किती, केळं चालेल का, घरचं ताक कधीपासून. पहिल्याचं उत्तर रिपोर्टात होतं, दुसऱ्याचं अर्धं केळं असं मिळालं. तिसऱ्यावर डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांकडे बोट दाखवलं, त्या कमी झाल्यावर बघू म्हणाले. मोठी माय हात साबणाने धुऊन, केळं सालीसकट धुऊन, अर्धं कापून भावाच्या ताटलीत ठेवते. उरलेलं अर्धं ती स्वतः खाते.