झुडपांभोवतीचा उघडा पट्टा

कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या मागे डोंगर ओलांडला की सेजची सुगंधी झुडपं आणि गवताळ रान शेजारी शेजारी दिसतात. दोन्हींच्या मध्ये मात्र मीटर-दोन मीटर रुंदीची उघडी माती. विमानातून काढलेल्या छायाचित्रांत प्रत्येक जाळीभोवती ही कड ठळक उठून दिसते.

१९६४ साली कॉर्नेलियस मुलर आणि सहकाऱ्यांनी तिचं कारण मांडलं. झुडपांच्या पानांतून कापूर, सिनिओल अशी उडनशील द्रव्यं सुटतात, मातीत मुरतात आणि गवताचं बी नीट वाढू देत नाहीत. प्रयोगशाळेत रोपं खुरटलीही. बी आणि अंकुर खाणाऱ्या उंदीर-सशांचा हात मुलर यांनी दुय्यम धरला.

खरं तर या प्राण्यांची नोंद ठेवायची सवय कॅलिफोर्नियात जुनी. १९०८ मध्ये ॲनी अलेक्झांडर यांच्या पैशातून आणि चिकाटीतून बर्कलीला पृष्ठवंशी प्राण्यांच्या नमुन्यांचं वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. जोसेफ ग्रिनेल त्याचे पहिले संचालक. सापळे कुठे लावले, काय सापडलं, हे सगळं रोजच्या रोज वहीत उतरायचं. ते सापळे खटक्याचे होते, प्राणी मरायचा. हाती राहायची कातडी आणि कवटी. १९२० च्या दशकात शर्मन यांचा पत्र्याचा पेटीसापळा आला. संध्याकाळी आत दाणे टाकायचे, पहाटे पेटी उघडायची, उंदीर तोलून, खूण करून सोडून द्यायचा. तोच उंदीर पुन्हा सापडला की तो झुडपापासून किती लांब जातो ते कळतं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची पायरी.

कारण १९७० मध्ये ब्रूस बार्थोलोम्यू यांनी नेमकं या अंतराकडेच बोट दाखवलं. त्यांनी उघड्या पट्ट्यावर तारेच्या जाळीचे पिंजरे ठेवले, उंदीर-ससे आत येऊ नयेत म्हणून. माती तीच, झुडपाचा वासही तोच, तरी पिंजऱ्यांत गवत उगवलं. घुबड आणि कोयोटी (कोल्ह्यासारखा शिकारी प्राणी) यांच्या भीतीने हे प्राणी आडोसा सोडून फार दूर जात नाहीत. म्हणून झुडपालगतचंच बी आणि कोवळा अंकुर फस्त होतो.

वाद मात्र तेवढ्यावर मिटला नाही. वणव्यानंतर त्याच जागी रानफुलं उसळतात, आणि त्याचा अर्थही दोन्ही बाजूंनी लावता येतो: विषारी द्रव्यं जळाली, किंवा उंदरांचा आडोसा गेला.