बुलेटचा कोंडलेला श्वास

जुनी बुलेट जिथं उभी राहते, तिथं फरशीवर तेलाचा काळा डाग ठरलेला. दोष लगेच पॅकिंगला दिला जातो. कव्हर उघडायचं, नवं पॅकिंग घालायचं, वर सोल्यूशन फासायचं. महिन्याभरात डाग पुन्हा हजर. माझं ठाम मत आहे, पान्याला हात लावण्याआधी इंजिन श्वास कसा घेतंय ते बघावं.

ओतीव लोखंडी सिलेंडरची ३५० बुलेट घ्या. बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, ७० मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ९०; म्हणजे ३४६ सीसी. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या पोटाखालची तेवढीच हवा क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीत, दाबली जाते. सिलेंडर एकच, त्यामुळे त्याच वेळी वर जाऊन जागा करून देणारा दुसरा पिस्टन नाही. मिनिटाला ३००० फेरे धरले, तर हा दणका सेकंदाला ५० वेळा बसतो. हवेला वाट म्हणून ब्रीदरची नळी असते आणि तिच्यावर बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप. पिस्टन खाली आला की चोच उघडते, हवा बाहेर पडते. तो वर गेला की चोच मिटते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. दाब असा कमी राहिला की सांध्यांतलं तेल बाहेर यायला धजत नाही.

रबर कडक झालं की चोच नीट मिटत नाही. नळी मुडपली किंवा चिकटाने तुंबली, तर दाब कोंडतो आणि तेल सगळ्यात कच्चा सांधा शोधून बाहेर येतं. झडप काढा, धुवा, फुंकून बघा: हवा एकाच दिशेने गेली पाहिजे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर जळालेला वायूही खाली उतरतो. मग पॅकिंग कितीही बदला, गळती थांबत नाही.

गाडी महिनोन्‌महिने उभी असेल, तर इंजिनच्या तेलटाकीतलं तेल पंपातून झिरपून क्रँकखाली साचतं आणि किक मारल्यावर ब्रीदरमधून भसकन बाहेर येतं. ही गळती नव्हे.

श्वास ठीक असेल, तर मग सांधे. इंजिन रॉकेलने लख्ख धुऊन कोरडं करा, वर टाल्कम पावडर भुरभुरा आणि थोडं चालवून आणा. पांढऱ्यावर पहिली ओली रेघ जिथं उमटेल, तिथं उगम. वारा तेल मागे ढकलतो, म्हणून भिजलेल्या जागेच्या पुढे आणि वर शोधावं.

सिलेंडरच्या बुडाचा सांधा मुळातच अवघड. क्रँककेस ॲल्युमिनियमचं, ते तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. दोन्ही पृष्ठभाग इंजिन तापून थंड होताना दर वेळी एकमेकांवर किंचित सरकतात आणि पॅकिंग झिजवतात.

टायमिंग कव्हर, म्हणजे इंजिनच्या बाजूचं टायमिंग गिअरांवरचं झाकण, बहुधा जास्त आवळल्यानेच वाकलेलं असतं. जाड सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, थेंबभर तेल टाकून, कव्हर इंग्रजी आठच्या आकड्यात हलक्या हाताने फिरवा. पाच-सहा फेऱ्यांनी उलटून पाहिलं, तर स्क्रूच्या भोकांभोवती चकचकीत कडी दिसतात आणि मधला भाग अजून मळकट. ती कडी म्हणजे आवळल्याने वर उचलला गेलेला धातू. सगळा काठ एकसारखा चमकेपर्यंत घासा, भुकटीचा कणही राहणार नाही असं धुवा. बसवताना स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा.