पेटीतल्या बाळाची वर्गणी : खानदेशातील पार्श्वभूमी

खानदेशात नवजात कक्षाबाहेर सतरंजी टाकून बसलेल्या आजीला विचारले, तर ती बाळाला ‘पेटीत ठेवलंय’ एवढेच सांगते. आत बाळाला ऊब देणारा बंद इन्क्युबेटर असो की वरून उघडा असलेला वॉर्मर, तिच्या लेखी ती पेटीच. या पेटीच्या खर्चासाठी भावकीतून, गावातून आणि आता मोबाइलवरून पैसे उभे करण्याची रीत मात्र फार जुनी नाही.

वर्गणी इथे पूर्वापार आहे. भंडारा, आगीत गेलेले घर, एखाद्याचे मोठे ऑपरेशन यांसाठी गाव पैसे काढत आले. पण अपुऱ्या दिवसांचे मूल वर्गणीचा विषय कधी नव्हते. सटवाईने कपाळावर लिहिले ते खरे, आणि सातव्या महिन्यातले जगते पण आठव्यातले जगत नाही, असे म्हणून ते दुःख घरातच मिटवले जाई. (आठव्यातल्या बाळाची फुप्फुसे अधिक पिकलेली असतात, म्हणजे वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.) बाळ वाचू शकते, आणि ते वाचवायला रोज अमुक इतका खर्च येतो, हे दोन्ही एकदम कळले तेव्हाच त्याच्या नावाने पैसे मागता येऊ लागले.

पेटी आणि लोकांचा पैसा यांचे नाते तसे पेटीच्या जन्मापासूनचे आहे. पॅरिसमध्ये प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निये यांनी 1880 च्या सुमारास प्रसूतिगृहात उबदार पेट्या आणल्या. पुढे अमेरिकेत मार्टिन कौनी यांनी न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंड या करमणुकीच्या ठिकाणी 1903 पासून चाळीस वर्षे अशा पेट्यांमधली खरी बाळे तिकीट लावून दाखवली. प्रेक्षकांच्या 25 सेंटांतून परिचारिकांचा पगार निघे, आणि आईबापांकडून एक पैसाही घेतला जात नसे. प्रकार आज अंगावर येतो. पण त्या काळी बहुतेक रुग्णालये अशा बाळांवर खर्च करायला तयार नव्हती, हेही विसरता येत नाही.

आपल्याकडे हा भार शासनाने उचलायला सुरुवात केली ती 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानंतर, जेव्हा जिल्हा रुग्णालयांत विशेष नवजात काळजी कक्ष उभे राहू लागले. जून 2011 मध्ये आलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे औषध, तपासणी आणि ने-आण मोफत केली. जुलै 2012 मध्ये ठरावीक रुग्णालयांत मोफत उपचार देणारी राज्याची राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. 2013 च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली आणि 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले.

मग वर्गणी का उरली? सरकारी कक्षात खाट भरलेली असते, योजनेत नसलेले खासगी रुग्णालय जवळचे असते, धडगाव-मोलगीकडचे बाळ घाट उतरून नंदुरबारला आणि तिथून कधी सुरतेला न्यावे लागते. बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेले मूल कित्येक आठवडे आत राहते, आणि तेवढे दिवस बापाची मजुरी बुडते, बाहेर बसलेल्यांचा डबा आणि भाडे चालूच राहते. योजनेचा कागद पेटीपुरता असतो, सतरंजीपुरता नसतो. माझ्या मते खानदेशातली वर्गणी आज मुख्यतः या सतरंजीची आहे.

2016 मध्ये यूपीआय आल्यावर या वर्गणीचे रूप बदलले. बिलाचा फोटो, नळ्या लावलेल्या बाळाचा फोटो आणि खाली क्यूआर कोड, असा संदेश भावकीच्या ग्रुपवरून सुरतेत कामाला गेलेल्या पोरांपर्यंत तासाभरात पोहोचतो. तरी गावात कोणीतरी शंभर पानी वही घेऊन बसतोच, कारण आहेराप्रमाणे हीदेखील कधीतरी फेडायची रक्कम मानली जाते आणि कोणी किती दिले हे लिहून ठेवावे लागते. बारसे व्हायचे असल्याने बाळाला नाव नसते. रुग्णालयाच्या फाइलवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव असते. वहीच्या पहिल्या पानावरही तेच नाव येते, पुढे ‘चे बाळ’ एवढे जोडून.