घरगुती अंडी उबवण

घरी पाळलेल्या कोंबड्यांची फलित अंडी खुडूक (उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली किंवा उबवणी यंत्रात ठेवून त्यांतून पिले काढणे, याला घरगुती अंडी उबवण म्हणतात. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात, बदकाच्या किंवा टर्कीच्या अंड्याला २८, तर लावीच्या अंड्याला १७-१८. यंत्रावरचा जवळजवळ प्रत्येक आकडा म्हणजे कोंबडीची एखादी सवय मोजून ठेवलेली असते. म्हणून आधी कोंबडी काय करते ते पाहावे आणि मग यंत्राकडे वळावे.

अंडी देता देता एखादी कोंबडी अचानक थांबते. घरट्यातून उठत नाही, हात जवळ नेला की पिसे फुलवते, गुरगुरते, टोचते. ही खुडूक झाली. तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेले असते. पोटावरची पिसे विरळ होतात आणि उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांना मिळते. दिवसातून बहुधा एकदाच ती उठते, पंधरा-वीस मिनिटांत दाणापाणी उरकते, भली मोठी दुर्गंधी विष्ठा टाकते आणि परत बसते. या तीन आठवड्यांत तिचे वजन चांगलेच उतरते. बसल्या जागी दिवसभरात अनेकदा ती चोचीने अंडी फिरवते, कडेची आत ओढते आणि आतली कडेला सारते.

खुडूक कोंबडी अंडी देत नाही. त्यामुळे अंड्यांसाठी वाढवलेल्या जातींतून ही सवय निवडीने काढून टाकलेली आहे. व्हाइट लेगहॉर्न क्वचितच खुडूक बसते, याउलट सिल्की आणि कोचीन वारंवार बसतात. जी जात अंडी भरपूर देते तिच्याकडून पिलांची अपेक्षा करू नये. तिची अंडी दुसरीखाली ठेवावीत.

कोंबडी बसवायची तर तिला रात्री उचलून शांत, अंधाऱ्या, वेगळ्या जागी न्यावे. मध्यम आकाराच्या कोंबडीखाली १० ते १२ अंडी मावतात. ती सगळी एकाच वेळी ठेवावीत आणि प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करावी. ही खूण फार कामाची असते. इतर कोंबड्यांना भरलेल्या घरट्यातच अंडे घालायची हौस असते. अशी नवी अंडी राहून गेली, तर पहिली पिले बाहेर येताच आई त्यांच्यामागे निघून जाते आणि अर्धवट वाढलेली अंडी थंड पडतात. पिले नकोच असतील, तर खुडूक मोडण्यासाठी कोंबडीला जाळीच्या तळाच्या, खालून वारा लागणाऱ्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवतात. दाणापाणी मात्र तोडायचे नाही.

अंडे फलित आहे की नाही, हे टरफलावरून कळत नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. नर-मादीच्या मीलनानंतर शुक्राणू मादीच्या शरीरात टिकून राहतात, म्हणून कोंबडा वेगळा केल्यावरही साधारण दोन आठवडे फलित अंडी मिळू शकतात. दुकानातली अंडी बहुतेक कोंबड्याविना ठेवलेल्या कोंबड्यांची असतात, त्यांना कितीही ऊब दिली तरी काही निघत नाही.

अंडे बाहेर येते तेव्हा आतल्या गर्भाच्या पेशींचे विभाजन सुरू झालेले असते. मात्र तापमान सुमारे २० अंशांच्या (सेल्सियस) खाली राहिले, तर वाढ थांबून राहते. कोंबडी दहा-बारा दिवस रोज एक अंडे घालते, तरी पिले एकाच दिवशी निघतात, ती यामुळेच. यंत्रासाठीही हाच नियम लागू होतो. अंडी १३ ते १६ अंशांना, रुंद टोक वर करून ठेवावीत आणि आठवड्याच्या आत उबवायला लावावीत. फ्रिजमधला गारवा त्यांना मानवत नाही. अंडी धुऊ नयेत, कारण टरफलावरचा पातळ लेप गेला की हजारो सूक्ष्म छिद्रांतून जंतूंना वाट मिळते. मळलेले अंडे खाण्यासाठी बाजूला काढलेले बरे.

कोंबडीविना उबवणे हे आधुनिक कौतुक नव्हे. इजिप्तमधले लोक अंडी शेणखतात पुरून उबवतात, असे ॲरिस्टॉटलने नोंदवले आहे. तिथल्या विटांच्या भट्ट्या तर शतकानुशतके चालत आल्या. फ्रान्समध्ये रेओमूर या शास्त्रज्ञाने १७४९ मध्ये कृत्रिम उबवणीवर मोठा ग्रंथ लिहिला. पूर्वी माणसे अंडे पापणीला लावून त्याची उष्णता जोखत. आज ते काम तापमापी करते.

पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश तापमान ठेवतात. पंखा नसेल तर हवेचे थर होतात, म्हणून अंड्यांच्या वरच्या पातळीवर मोजून ३८.५ अंशांच्या आसपास ठेवतात. यंत्र एक दिवस रिकामे चालवून पाहावे आणि दोन तापमापी लावाव्यात. स्वस्त तापमापी अर्ध्या अंशाने चुकली तरी निकाल बदलतो. जास्त उष्णता कमी उष्णतेपेक्षा घातक असते. वीज थोडा वेळ गेली तर घाबरण्याचे कारण नाही, आई तरी रोज उठतेच.

आर्द्रतेचा प्रश्न नवख्यांना जास्त छळतो. अंड्यातले पाणी हळूहळू उडून १८ दिवसांत वजन ११ ते १३ टक्क्यांनी घटायला हवे, त्याबरोबर रुंद टोकाची हवेची पोकळी मोठी होते. पोकळी लहान राहिली तर पिलाला पहिल्या श्वासाला जागा उरत नाही. फार कोरडे झाले तर आतले पापुद्रे पिलाला चिकटतात. पहिले १८ दिवस ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवतात. पण सर्वांत भरवशाचा सल्लागार म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. ५५ ग्रॅमचे अंडे १८व्या दिवशी ४८-४९ ग्रॅम भरले पाहिजे. बहुतेक जण पाणी जास्त घालतात.

अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवतात, नाहीतर गर्भ पापुद्र्याला चिकटतो. संख्या विषम ठेवली की रात्रभराचा लांब काळ अंडे रोज एकाच कुशीवर पडून राहत नाही. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडे धरले, की मध्ये गडद ठिपका आणि त्याभोवती लाल शिरांचे जाळे दिसते. स्वच्छ दिसले तर अंडे अफलित. रक्ताचे नुसते कडे दिसले तर गर्भ मेलेला आहे. अशी अंडी काढून टाकावीत, कुजलेले अंडे यंत्रात फुटले तर बाकीच्यांचाही घात होतो.

१८व्या दिवशी फिरवणे थांबवून आर्द्रता ६५-७० टक्के करतात आणि झाकण बंद ठेवतात. पिलू आधी आतला पडदा फोडून हवेच्या पोकळीत चोच घालते. तिथे फुप्फुसाने पहिला श्वास होतो आणि अंड्यातून चिवचिव ऐकू येते. खुडूक कोंबडी तिला हळू आवाजात ओ देते. मग चोचीवरच्या टणक टोकाने टरफलाला पहिला टवका पडतो आणि सगळे थांबते. कधी बारा तास, कधी पूर्ण दिवस. या वेळात पिलू शिरांतले रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. मालकाला वाटते ते अडकले, तो टरफल सोलायला घेतो, रक्तस्राव होतो आणि धडधाकट पिलू मरते. झाकण सारखे उघडल्याने पापुद्रा वाळून पिलू खरोखर अडकते, ते वेगळेच. या टप्प्यावर हात मागे बांधून बसणे सगळ्यांत कठीण.

पोटातला बलक दोन-तीन दिवस पुरतो, त्यामुळे पिलांना लगेच खायला घालण्याची घाई नको. एका दिवसाची पिले दूरवर पाठवता येतात, ती याच शिदोरीवर. पुढे पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी करत जातात. पिले दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजते आहे, कडेला पसरून धापा टाकू लागली तर उकडते आहे. खाली गुळगुळीत कागद घालू नये, पाय फाकतात. पाण्याच्या भांड्यात खडे टाकावेत, म्हणजे कोणी बुडत नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य पिलांना देऊ नये, त्यातले जादा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधते. मानमोडी या रोगाची लस पशुवैद्याला विचारून द्यावी. रक्ती हगवण टाळायची तर गादी (पायाखालचा भुसा) कोरडी हवी. पिले हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या पक्ष्यांतही साल्मोनेला हा जंतू असू शकतो.

निघालेल्या पिलांत जवळपास निम्मे कोंबडे असतात. पक्ष्यांत लिंग मादीकडून ठरते आणि ते अंड्यातच पक्के झालेले असते. टोकदार अंड्यातून नर निघतो, या समजात तथ्य नाही आणि यंत्राचे तापमान बदलूनही नरांच्या माद्या होत नाहीत. तलंगा (तरुण माद्या) पाच-सहा महिन्यांत अंडी देऊ लागतात. तोवर कोंबडे आरवू आणि झुंजू लागलेले असतात. त्यांचे काय करायचे, हे अंडी यंत्रात ठेवण्याआधीच ठरवावे लागते.