कल सावरणारे पंख, नाक वळवणारं शेपूट

रविवारी सकाळी, वारा सुटायच्या आत, आमच्या सोसायटीतली मुलं उपवन तलावाजवळ थर्माकोलची ग्लायडर उडवतात. परवा त्यातल्या एकीने विचारलं, "काका, विमान कललं की आपोआप सरळ होतं. मग आपण कललोय हे त्याला कळतं का?"

नाही कळत. आणि पार्श्व स्थिरता व दिशेची स्थिरता यांची गल्लत इथेच होते. पहिली कललेलं विमान सावरते, दुसरी नाक हवेच्या रोखाने ठेवते. पण दोघी जाग्या होतात त्या एकाच कारणाने: विमान बाजूला घसरू लागलं की. उजवीकडे कललेलं विमान उजवीकडे घसरतं, आणि समोरची हवा थोडी उजवीकडून येऊ लागते. नुसतं कललं, घसरलं नाही, तर हवेला त्याचा पत्ताच नसतो.

पंख टोकांकडे वर उचललेले असतील, तर ही तिरकी हवा खालच्या, म्हणजे उजव्या पंखाला जास्त कोनात भिडते. त्याची उचल, म्हणजे वर उचलणारा जोर, वाढते आणि कल उतरतो. 'खालचा पंख जमिनीला समांतर होतो म्हणून जास्त उचलतो' हे स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं, पण ते चुकीचं आहे. जमीन कुठे आहे हे पंखाला काय ठाऊक!

शेपटावरचा उभा पंख त्याच हवेने वेगळंच काम करतो. शाळेत शिकलेला वातकुक्कुट आठवा. शेपटावर बाजूने दाब आला की चोच वाऱ्याकडे वळते. तसंच विमानाचं नाक उजवीकडे वळतं. घसरणं कमी होतं, पण कल मात्र तसाच राहतो.

आम्ही एका ग्लायडरचे पंख सपाट ठेवले. ते कललं, वळलं आणि चकरा मारत गवतात शिरलं. मग पंखांची टोकं दोन-दोन बोटं वर वाकवली, तर डुलत का होईना, सरळ गेलं. तिसऱ्याचं उभं शेपूट अर्धं कापलं, तेव्हा ते पिंपळपानासारखं हेलकावत खाली आलं.

त्या हेलकाव्यांना डच रोल म्हणतात. कल सावरण्याची ओढ जास्त आणि शेपूट दुबळं, की तो होतो. मागे झुकलेले पंख घसरताना स्वतःच कल सावरायला मदत करतात. पंख पाठीवर बसवले तरी तोच परिणाम मिळतो. ही ओढ फार होऊ नये म्हणून या दोन्ही गोष्टी असलेल्या, हवाई दलाच्या इल्युशिन-७६ 'गजराज' या मालवाहू विमानाचे पंख मुद्दाम टोकांकडे खाली उतरते आहेत. एअरबस ए-३२० या प्रवासी विमानाचे पंख पोटाखालून निघतात, म्हणून ते सुमारे ५ अंश वर उचललेले असतात. उलव्याच्या नव्या विमानतळाकडे उतरणारं विमान समोरून बघा, पंखांचा हा वरचा कोन डोळ्यांना दिसतो.

शेपूट फार जोरकस झालं तर उलटं होतं. नाक खालच्या पंखाकडे वळतं, बाहेरचा पंख जास्त वेगाने हवा कापतो, आणखी उचलतो, आणि विमान हळूहळू गोल उतरत जातं. अभियंते सहसा हा दोष थोडासा चालवून घेतात, कारण तो सावकाश वाढतो आणि वैमानिक सहज सुधारतो. डच रोल मात्र झटपट झुलतो, त्यामुळे जेट विमानांत त्याला आवरायला यॉ डॅम्पर ही यंत्रणा रडर, म्हणजे उभ्या शेपटाची हलती पट्टी, आपणहून हलवत राहते. पण ढगात तो सावकाश वाढणारा कल अंगाला जाणवतच नाही, म्हणून तिथे वैमानिक स्वतःच्या अंदाजापेक्षा समोरच्या कृत्रिम क्षितिजावर, म्हणजे विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणावर, भरवसा ठेवतो.