स्टेंट टाकताना धमनीत कॅमेरा: बिल फुगवायचा धंदा?

"अँजिओग्राफीत सगळं दिसतंच की! मग धमनीत आणखी कॅमेरा कशाला? बिल फुगवायला?" हे बोलणं वर्षानुवर्षं फिरतंय. शंका रास्त आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा.

अँजिओग्राफीत धमनीची भिंत दिसत नाही. दिसते ती आतून वाहणाऱ्या डायची (एक्स-रेत उमटणाऱ्या द्रवाची) सावली. भिंतीत कॅल्शियम किती साचलंय, स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) पुरता फुलला की कडेला फट राहिली, हे सावलीवरून अंदाजानेच ठरवायचं. धमनीत घालायचे हे 'कॅमेरे', म्हणजे आयव्हीयूएस आणि ओसीटी, अनुक्रमे ध्वनिलहरींनी आणि प्रकाशाने भिंतीचा आडवा छेद दाखवतात. अडीच मिलिमीटर वाटलेली धमनी तीनची निघाली, तर स्टेंटचा साइजच बदलतो. कमी व्यासाचा स्टेंट पुन्हा अडथळ्याला आमंत्रण देतो.

2024 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या आयव्हीयूएस-एसीएस चाचणीत हार्ट अटॅक वा अस्थिर अंजायनाचे (हृदयाला रक्त कमी पडून अचानक उद्भवणाऱ्या वा वाढणाऱ्या छातीदुखीचे) 3505 रुग्ण होते. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू, त्याच धमनीमुळे अटॅक किंवा तिच्यावर पुन्हा प्रक्रिया, यांचं एकत्रित प्रमाण आयव्हीयूएस गटात 4 टक्के, नुसत्या अँजिओग्राफीच्या गटात 7.3 टक्के. फरक पडला तो मुख्यतः अटॅक आणि फेरप्रक्रिया टळल्यामुळे. मृत्यूंत ठळक फरक नव्हता, हेही सांगायला हवं.

खर्च वाढतो, हे खरंच. आणि रुग्णाचा बीपी कोसळत असेल, तर आधी बंद धमनी उघडायची; कॅमेरा नंतर.